सूक्ष्म

चौबाऱ्यापासून तिसऱ्या गल्लीत
माझं फॉर्म भरायचं दुकान आहे.
जातीचं, उत्पन्नाचं, हयातीचं –
माणसाचं जे काय खरं असेल ते
मी शंभर केबीच्या आत बसवून देतो.

महानंदा तोंडारे आल्या तेव्हा
आधी मला शिंक आली, मग त्या दिसल्या.
पदराला, भुवयांना, आधार कार्डाच्या कडांना
ब्याडगीचा लाल भुगा.
“बँकवाला म्हनतोय, कांडप हाय ते दिसलालंय,
पर कागदावर कुठं हाय?”
त्याच्याच घरचा वर्षाचा मसाला
मागच्या मंगळवारी इथंच कुटला होता.

उद्योगाचं नाव?
“नाव कशाला? लोक म्हनतेत, महानंदाकडं जाऊन ये.”
मी टाइप केलं : महानंदा मसाला कांडप केंद्र.
त्यांनी दोनदा वाचून घेतलं,
तिसऱ्यांदा नुसतं बोट ठेवलं स्क्रीनवर.
डाग अजून आहे.

स्थापनेची तारीख?
“नणंदेच्या लग्नात येसूर केलं पैल्यांदा, परातभर.
पैसे घेतले न्हाईत. ते धरतेत का?”
धरत नाहीत.
“मंग हळीच्या पाटलीनबाईनं
पाच रुपये हातावर ठिवले त्या दिवशीचं लिव.
उन्हाळा होता.”
मी एक एप्रिल लिहिलं.
सरकारचं वर्ष तिथूनच सुरू होतं.

कामगार?
“मी. नूरजहाँ, मिरच्याचे देठ खुडायला.
सासू हळकुंडं फोडती,
पर तिला कामगार म्हनू नको, उठून जाईल.”
दोन लिहिले.

खाली प्रकार आपोआप उमटला : सूक्ष्म.
“म्हंजी?”
बारीक, मी म्हणालो.
“किती नंबरच्या चाळनीचं?”

ओटीपी गेला चाकणला, मुलाच्या फोनवर.
त्याची पाळी चालू, फोन लॉकरमध्ये.
तर भारत सरकारची मान्यता
पाऊण तास जेवणाच्या सुट्टीची वाट बघत
माझ्या दुकानात बाकड्यावर बसली,
आणि मी आणि त्या चहा प्यालो.

मग दिवाळीनंतर लातूरहून पत्र आलं.
जिल्ह्यातले एकवीस उद्योजक, सत्कार, वेळ अकराची.
पाहुणे आले दीड वाजता.
शाल, श्रीफळ, चौकट.
चौकटीत सोनेरी अक्षरांत :
श्री. महानंद तोंडारे.
“दुधाची पिशवी केली की रे माझी!”
हसता हसता त्यांना ठसका लागला.
दुरुस्तीचा अर्ज माझ्याकडेच भरावा लागतो,
फी तीस रुपये.
हे मी सांगितलं नाही.
त्यांनीही विचारलं नाही.

फोटोत त्या आहेत,
पण पाहुण्यांची मान पलीकडच्या पेंडवाल्याकडे.

शाल सासूनं घेतली.
नारळ गच्चीवर आठ दिवस वाळला,
किसला, तव्यावर परतला
धने, दगडफूल, तीळ, भाजलेल्या बाजरीसोबत,
आणि कुणाच्या तरी लग्नाच्या येसरात उतरला.
कुणाच्या, ते कुठं नोंदलेलं नाही.
जेवणाऱ्यांना आमटी तेवढी घट्ट लागली असेल.

चौकट गिरणीत टांगली, मोटारीच्या वर.
पंधरा दिवसांत काच लाल.
बँकेचा साहेब पाहणीला आला,
नंबर वाचायला त्यानं रुमालानं काच पुसली,
तोच रुमाल नाकाला लावला,
आणि सात-आठ शिंकांनंतर
प्रकरण विचाराधीन आहे असं म्हणाला.
नूरजहाँनं त्याला गुळाचा खडा दिला.

त्या रात्री शटर अर्धं ओढून
मी माझाच फॉर्म उघडला.
उद्योगाचं नाव.
कर्सर लुकलुकत राहिला.
लोक म्हणतात, त्या पोराकडं जाऊन ये.
स्थापनेची तारीख.
पहिला अर्ज कुणाचा भरला होता मी?
वडिलांचा बहुतेक.
पैसे घेतले नव्हते.

डोळे चोळले
आणि चुरचुरले.
की-बोर्डच्या फटीत अजून तिखट आहे.